प्रयोगशाळांचे शिल्पकार : डॉ. शांतिस्वरूप भटनागर

विद्यार्थी मित्रांनो, आपल्या बीड जिल्ह्यातल्या एखाद्या खेड्यात तुम्ही गोबर गॅसचे संयंत्र पाहिले असेल. शेण आणि पाणी कालवून एका टाकीत सोडतात. हवा लागू न देता ते टाकीत कुजते, आणि त्यातून निघणारा वायू नळीने थेट चुलीपर्यंत येतो. काडी ओढली, की निळी ज्योत पेटते. या वायूचा निम्म्याहून अधिक भाग मिथेनचा असतो. मुंबईच्या समुद्रात, बॉम्बे हाय येथे, १९७४ साली तेल सापडले. त्या तेलाबरोबर जो नैसर्गिक वायू वर येतो, त्यातही मुख्यतः मिथेनच असतो. म्हणजे गोठ्यातला गॅस आणि समुद्राच्या तळाखालचा गॅस हे एकमेकांचे सख्खे भाऊ आहेत.

मिथेन जाळला तर उष्णता मिळते. पण तो फक्त जाळायचाच का? मिथेनच्या एका रेणूत कार्बनचा एक अणू आणि हायड्रोजनचे चार अणू असतात. असे कार्बनचे अणू एकमेकांना जोडता आले, तर त्यांपासून पेट्रोलसारखे इंधन, प्लॅस्टिक, रंग आणि औषधे यांचा कच्चा माल तयार होऊ शकतो. स्वस्त वस्तूची मौल्यवान वस्तू होते. अडचण एकच आहे. मिथेनचे हे पाच अणू एकमेकांना फार घट्ट धरून असतात. ते सहजासहजी सुटत नाहीत. त्यांना सोडवायला उत्प्रेरक लागतो.

उत्प्रेरक म्हणजे काय? उर्दूत त्याला अमल-अंगेज म्हणतात. लग्न जुळवणारा मध्यस्थ तुम्ही पाहिला आहे. तो दोन्ही घरी जातो, बोलणी करतो, सोयरीक जमवतो. पण स्वतः मात्र होता तसाच राहतो आणि दुसरी सोयरीक जमवायला निघतो. रसायनशास्त्रात उत्प्रेरक हेच काम करतो. शेंगदाण्याच्या किंवा सरकीच्या पातळ तेलापासून घट्ट वनस्पती तूप करताना तेलात हायड्रोजन वायू सोडतात. तेथे निकेल नावाचा धातू हा मध्यस्थ असतो. काम झाले, की निकेल गाळून बाजूला काढता येतो.

मिथेनसाठी असा चांगला उत्प्रेरक शोधण्याचे काम जगातील अनेक प्रयोगशाळांत चालत आले आहे. त्यांपैकी एक प्रयोगशाळा आपल्या महाराष्ट्रात, पुण्याला पाषाण येथे आहे. तिचे नाव राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा. ही प्रयोगशाळा ज्यांच्या प्रयत्नांमुळे उभी राहिली, ते गृहस्थ मोठे रसायनशास्त्रज्ञ होते. आणि तुम्हांला ऐकून आनंद वाटेल, ते उर्दूचे कवीही होते. त्यांचे नाव डॉ. शांतिस्वरूप भटनागर. आज आपण त्यांची जीवनकहाणी वाचू या.

शांतिस्वरूप यांचा जन्म २१ फेब्रुवारी १८९४ रोजी भेरा या गावी झाला. हे गाव त्या वेळी पंजाब प्रांताच्या शाहपूर जिल्ह्यात होते. आज ते पाकिस्तानात आहे. बाळ अवघे आठ महिन्यांचे असताना वडिलांचे निधन झाले. घरात मिळवते माणूस उरले नाही. आई मुलाला घेऊन आपल्या वडिलांकडे सिकंदराबादला आली. हे सिकंदराबाद हैदराबादजवळचे नव्हे. ते उत्तर प्रदेशात बुलंदशहर जिल्ह्यात आहे. उर्दू साहित्यात या गावाला एक मान आहे. मिर्झा गालिब यांनी ज्यांना कितीतरी पत्रे लिहिली, ते त्यांचे लाडके शागीर्द हरगोपाल तफ्ता याच गावचे.

शांतिस्वरूप यांचे आजोबा इंजिनियर होते. त्यांच्या घरात नकाशे होते, मोजमापाची साधने होती, हत्यारे होती. पोरक्या नातवाला ती हाताळायला मिळाली. तो लहान लहान यंत्रांची खेळणी करी, विजेच्या बॅटऱ्या बनवी, दोन डब्यांना दोरी बांधून टेलिफोन करी. घरात शेरोशायरीची आवडही होती. अशा रीतीने एकाच घरात मुलाला दोन देणग्या मिळाल्या : हाताला यंत्रांची आणि कानाला कवितेची. पुढे आयुष्यभर त्याने यांपैकी एकीसाठी दुसरी सोडली नाही.

१९०८ साली तो शिक्षणासाठी लाहोरला गेला. वडिलांचे एक मित्र, रघुनाथ सहाय, तेथील दयालसिंग हायस्कूलमध्ये होते. त्यांनी मित्राच्या मुलाला आपल्या शाळेत घेतले. मित्रांनो, कोणाच्याही आयुष्यात असा एखादा मदतीचा हात फार मोलाचा असतो. वडील नसलेल्या त्या मुलाची शाळा त्या वेळी सुटली असती, तर पुढचे काहीच घडले नसते. आपल्या भागात दिवाळीनंतर ऊसतोडणीसाठी आईवडिलांबरोबर जावे लागल्याने किती मुलांची शाळा अर्ध्यावर राहते, हे तुम्ही पाहता. त्यांच्यातही एखादा शांतिस्वरूप असू शकेल. याच रघुनाथ सहाय यांची मुलगी लाजवंती पुढे शांतिस्वरूप यांची पत्नी झाली.

ऊसतोडणीवरून आणखी एक गोष्ट आठवली. साखर कारखान्याजवळून जाताना मळीचा वास तुम्हांला आला असेल. साखर काढून घेतल्यावर जो काळा, चिकट रस उरतो, तीच ही मळी. १९११ साली, कॉलेजमध्ये नुकतेच पाऊल टाकलेल्या शांतिस्वरूप यांनी अलाहाबादच्या ‘लीडर’ या वर्तमानपत्राला एक पत्र पाठवले. बॅटरीमध्ये कार्बनच्या कांड्या लागतात. मळी आणि कार्बन असलेले पदार्थ एकत्र करून, त्यांवर दाब व उष्णता देऊन, अशा कांड्या कशा तयार करता येतील, हे त्यांनी त्या पत्रात सांगितले होते. तेव्हा त्यांचे वय सतरा वर्षांचे होते. जी वस्तू लोक टाकाऊ समजतात, तिच्यातून उपयोगी वस्तू कशी काढता येईल, हा विचार त्या वयातच त्यांच्या मनात रुजला होता. तो पुढे कधी सुटला नाही.

त्याच काळात कॉलेजच्या नाट्यमंडळात ते रमले. त्यांनी ‘करामाती’ नावाची एक उर्दू एकांकिका लिहिली. १९१२ साली तिला वर्षातील उत्तम नाटकाचे बक्षीस मिळाले. सकाळी प्रयोगशाळा आणि संध्याकाळी रंगमंच, असे त्यांचे दिवस जात होते.

लाहोरच्या फोरमन ख्रिश्चन कॉलेजातून ते १९१६ साली बी. एस्सी. आणि १९१९ साली एम. एस्सी. झाले. पुढील शिक्षणासाठी दयालसिंग कॉलेजच्या विश्वस्तांनी त्यांना शिष्यवृत्ती दिली. त्यांना अमेरिकेला जायचे होते. वाटेत ते लंडनला पोहोचले. पहिले महायुद्ध नुकतेच संपले होते. अमेरिकन सैनिक मायदेशी परतत होते आणि अमेरिकेला जाणाऱ्या सगळ्या बोटी त्यांनीच भरून जात होत्या. शांतिस्वरूप यांना बोटीत जागा मिळेना. तेव्हा निराश होऊन न बसता त्यांनी विश्वस्तांची परवानगी घेतली आणि लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात प्रवेश मिळवला. तेथे प्रा. डोनन हे त्यांचे मार्गदर्शक होते. १९२१ साली लंडन विद्यापीठाने त्यांना डी. एस्सी. ही पदवी दिली.

डोनन यांच्या हाताखाली ते जो विषय शिकले, त्याला कलिल रसायन म्हणतात. एखादा पदार्थ दुसऱ्या पदार्थात विरघळत नाही, पण त्याचे अतिशय बारीक कण त्यात तरंगत राहतात, अशा मिश्रणाला कलिल म्हणतात. दूध हे कलिलच आहे. पावसाळ्यात बिंदुसरा नदीला गढूळ पाणी येते, त्यातील बारीक माती कितीतरी वेळ खाली बसत नाही, तेही याच प्रकारचे उदाहरण. हा विषय वरवर पाहता साधा वाटतो. पण याच विद्येने पुढे एका मोठ्या कंपनीची अडचण सोडवली. ती हकिकत आता ऐका.

भारतात परतल्यावर डॉ. भटनागर बनारस हिंदू विद्यापीठात रसायनशास्त्राचे प्राध्यापक झाले. तेथे ते तीन वर्षे होते. तेवढ्या काळात त्यांनी त्या विद्यापीठाचे कुलगीत लिहिले, तेही हिंदीत! उर्दूच्या कवीने लिहिलेले ते हिंदी गीत विद्यापीठाने आपले मानले. भाषा एकमेकींच्या वैरिणी नसतात, बहिणी असतात, हे यावरून दिसते. तुम्ही घरी उर्दू बोलता आणि शाळेत मराठी शिकता, तेव्हा ही गोष्ट आठवा.

१९२४ साली ते लाहोरला पंजाब विद्यापीठात आले आणि सोळा वर्षे तेथे राहिले. त्यांच्या उत्तम संशोधनाचा हा काळ होता. १९२८ साली त्यांनी आपले सहकारी माथुर यांच्याबरोबर पदार्थांचे चुंबकीय गुण मोजणारा एक तराजू तयार केला. लंडनच्या एका नामवंत कंपनीने तो बनवून विक्रीला आणला. या विषयावर त्या दोघांनी लिहिलेले पुस्तकही १९३५ मध्ये प्रसिद्ध झाले.

त्याच सुमारास रावळपिंडीजवळ अटक ऑइल कंपनी जमिनीतून तेल काढत होती. आपल्याकडे दुष्काळात गावोगावी बोअर घेतात. बोअरचे यंत्र खडक फोडते आणि हवेच्या जोराने खडकाचा भुगा वर उडतो, हे दृश्य तुमच्या ओळखीचे आहे. तेलाची विहीर मात्र फार खोल असते. तेथे हवेऐवजी पातळ चिखल पाइपातून खाली सोडतात. तो चिखल तापलेले पाते थंड करतो, खडकाचा चुरा आपल्याबरोबर वर घेऊन येतो आणि विहिरीच्या भिंती ढासळू देत नाही. अटकला असे झाले, की खणताना मिठाचे थर लागले. मीठ लागताच चिखल घट्ट होई, गोळे धरी, आणि शेवटी इतका कठीण होई की खोदकामच बंद पडे. कंपनीच्या लोकांनी पुष्कळ उपाय केले, पण गुण आला नाही. अखेर हा प्रश्न डॉ. भटनागर यांच्याकडे आला.

त्यांनी यंत्राकडे पाहिले नाही, चिखलाकडे पाहिले. चिखल म्हणजे कलिल, हे त्यांनी ओळखले. चिकणमातीच्या बारीक कणांवर ऋण विद्युतभार असतो. सारखा भार असलेले कण एकमेकांना दूर ढकलतात, म्हणून ते तरंगत राहतात. पाण्यात मीठ आले, की हा भार नाहीसा होऊ लागतो आणि कण एकमेकांना चिकटतात. दुधात लिंबू पिळल्यावर दूध फाटते ना, तसाच हा प्रकार. मग उपाय कोणता? डॉ. भटनागर यांनी चिखलात देशी डिंक मिसळला. डिंकाचा थर कणांभोवती बसला. मिठाचा मारा झाला तरी कण सुटेच राहिले, आणि चिखल पातळ राहून वाहू लागला. झाडाच्या सालीतून झरणाऱ्या साध्या डिंकाने लाखमोलाची विहीर वाचवली.

कंपनीचे व्यवहार पाहणारी स्टील ब्रदर्स ही लंडनची संस्था या कामावर इतकी खूश झाली, की पेट्रोलियमसंबंधी कोणत्याही संशोधनासाठी तिने डॉ. भटनागर यांना दीड लाख रुपये देऊ केले. मित्रांनो, त्या काळातील दीड लाख रुपये म्हणजे केवढी मोठी रक्कम, याचा विचार करा. वडिलांविना वाढलेल्या आणि शिष्यवृत्तीवर शिकलेल्या माणसापुढे ही रक्कम आली होती. ती स्वतःजवळ ठेवली असती, तर कोणी त्यांना बोल लावला नसता. पण त्यांनी ती विद्यापीठाच्या स्वाधीन केली. त्या पैशांतून विद्यापीठात पेट्रोलियम संशोधनाचा विभाग सुरू झाला आणि तरुण संशोधकांना त्यात काम मिळाले. मेणाचा वास कसा घालवावा, रॉकेलच्या दिव्याची ज्योत उंच कशी करावी, तेलाच्या कारखान्यात उरणाऱ्या टाकाऊ पदार्थांचा उपयोग कसा करावा, अशा प्रश्नांवर तेथे संशोधन झाले. ज्या मुलांनी कंदिलाच्या उजेडात अभ्यास केला आहे, त्यांना ज्योतीच्या उंचीचे महत्त्व सांगायला नको.

या कामाचा उपयोग होताना पाहून कंपनीने रक्कम वाढवली आणि पाच वर्षांची मुदत दहा वर्षे केली. तरीही डॉ. भटनागर यांनी आपल्यासाठी काही घेतले नाही. १९३४ साली प्रसिद्ध शास्त्रज्ञ मेघनाद साहा यांनी पत्र लिहून त्यांच्या या त्यागाचा गौरव केला.

दुसरे महायुद्ध सुरू झाले आणि परदेशातून येणाऱ्या कितीतरी वस्तू बंद झाल्या. देशातच वस्तू तयार कराव्यात, त्यासाठी देशातच संशोधन व्हावे, अशी गरज निर्माण झाली. १९४० साली सरकारने डॉ. भटनागर यांना लाहोरहून बोलावून घेतले आणि औद्योगिक संशोधनाची जबाबदारी दिली. १९४२ साली वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषद स्थापन झाली. ‘सी. एस. आय. आर.’ या नावाने आपण तिला ओळखतो. डॉ. भटनागर तिचे प्रमुख झाले. १९४३ साली लंडनच्या रॉयल सोसायटीने त्यांना आपले सदस्य करून घेतले. शास्त्रज्ञाला मिळणारा हा फार मोठा मान होय.

आता त्यांच्यापुढे एक निवड होती. ते स्वतः उत्तम संशोधक होते. प्रयोगशाळेत बसून आणखी शोध लावावेत आणि आणखी कीर्ती मिळवावी, हा एक मार्ग. दुसरा मार्ग म्हणजे इतरांना शोध लावता यावेत म्हणून प्रयोगशाळा बांधाव्यात : जागा मिळवावी, पैसा उभा करावा, फायली पुढे सरकवाव्यात, माणसे शोधून आणावीत. या दुसऱ्या मार्गावर स्वतःचे संशोधन मागे पडणार, हे उघड होते. ते मागे पडलेही. पण डॉ. भटनागर यांनी तोच मार्ग घेतला. उत्प्रेरक दोन पदार्थांना जोडून देतो आणि आपण बाजूला राहतो, तसे ते बाजूला राहिले.

पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेची कोनशिला ६ एप्रिल १९४७ रोजी मुंबई प्रांताचे मुख्यमंत्री बाळासाहेब खेर यांच्या हस्ते बसली. टाटांच्या विश्वस्त निधीने या कामाला मोठी देणगी दिली. स्वातंत्र्य अजून चार महिने दूर होते. ते आले, पण त्याबरोबर फाळणीही आली. डॉ. भटनागर यांचे जन्मगाव भेरा सीमेच्या पलीकडे राहिले. ज्या लाहोरमध्ये ते शिकले, जेथे त्यांनी शिकवले, जेथे दीड लाख रुपये देऊन संशोधनाचा विभाग उभा केला, ते लाहोरही पलीकडे राहिले. त्याच्या आदल्याच वर्षी, १९४६ साली, त्यांची पत्नी लाजवंती हिचे निधन झाले होते. घर रिकामे झाले होते आणि गावही परके झाले होते. अशा वेळी माणूस खचून जातो. डॉ. भटनागर यांनी दोन गोष्टींचा आधार घेतला : काम आणि कविता. त्यांच्या उर्दू कवितांचा संग्रह ‘लाजवंती’ या नावाने प्रसिद्ध झाला.

३ जानेवारी १९५० रोजी पंतप्रधान पंडित नेहरू यांनी पुण्याच्या प्रयोगशाळेचे उद्घाटन केले. तिचे पहिले संचालक म्हणून मॅकबेन हे परदेशी शास्त्रज्ञ आले. तेही कलिल रसायनाचे जाणकार होते. त्याच महिन्यात दिल्लीची भौतिकी प्रयोगशाळा सुरू झाली. त्यानंतर जमशेदपूरला धातूंची, म्हैसूरला अन्नाची, लखनौला औषधांची, मद्रासला चामड्याची, अशा डझनभर प्रयोगशाळा डॉ. भटनागर यांच्या हयातीत उभ्या राहिल्या.

त्यांच्या एका सहकाऱ्याचे नाव येथे घेतले पाहिजे. ते म्हणजे डॉ. सलीमुज्जमा सिद्दिकी. हकीम अजमल खान यांच्या दिल्लीच्या तिब्बिया कॉलेजात त्यांनी सर्पगंधा या वनस्पतीवर संशोधन केले होते. १९४० साली ते डॉ. भटनागर यांच्या संस्थेत आले. आपल्या अंगणात असणाऱ्या कडुलिंबाच्या तेलातून त्यांनी १९४२ साली नवे पदार्थ शुद्ध स्वरूपात वेगळे केले. १९५१ साली ते पाकिस्तानात गेले आणि तेथे त्यांनी अशीच संशोधन परिषद उभी केली. म्हणजे एकाच रोपवाटिकेतील रोपे सीमेच्या दोन्ही बाजूंना वाढली.

तेल आणि वायू या जुन्या विषयांकडे डॉ. भटनागर यांचे लक्ष शेवटपर्यंत होते. स्वतंत्र भारताला पेट्रोल आणि रॉकेल परदेशातून तयार आणावे लागे. येथेच तेल शुद्ध करणारे कारखाने निघावेत, म्हणून सरकारने परदेशी कंपन्यांशी बोलणी केली. त्या बोलण्यांत डॉ. भटनागर यांचा मोठा वाटा होता. १९५४ आणि १९५५ या वर्षांत मुंबईला ट्रॉम्बे येथे असे दोन मोठे कारखाने सुरू झाले. विद्यापीठ अनुदान आयोगाचेही ते पहिले अध्यक्ष होते. १९५४ साली त्यांना पद्मभूषण हा किताब मिळाला.

कामाचा हा भार त्यांच्या प्रकृतीला पेलला नाही. १ जानेवारी १९५५ रोजी हृदयविकाराच्या झटक्याने त्यांचे निधन झाले. वयाची एकसष्ट वर्षेही पूर्ण झाली नव्हती. १९५७ साली त्यांच्या नावाने शास्त्रज्ञांसाठी पुरस्कार सुरू करण्यात आला. पुढे कितीतरी वर्षे तरुण भारतीय शास्त्रज्ञांना तो पुरस्कार म्हणजे आपल्या कामाची पावती वाटत आला.

आता आपण पुन्हा मिथेनकडे येऊ. डॉ. भटनागर गेले, पण त्यांनी लावलेले झाड वाढत राहिले. पुण्याच्या प्रयोगशाळेत उत्प्रेरकांवर मोठे काम सुरू झाले. झिओलाइट नावाचे एक खनिज असते. त्याच्या आत अतिशय बारीक, एकसारखी छिद्रे असतात. योग्य आकाराचे रेणूच त्यांतून आत-बाहेर जाऊ शकतात; जणू चाळणीच! पुण्याच्या शास्त्रज्ञांनी असे झिओलाइट प्रयोगशाळेत तयार केले, आणि १९८५ च्या सुमारास त्यांच्यापासून केलेला उत्प्रेरक वडोदऱ्याच्या कारखान्यात वापरला जाऊ लागला. १९९७ साली याच प्रयोगशाळेतील संशोधकांनी जगप्रसिद्ध ‘सायन्स’ या नियतकालिकात एक शोध मांडला. गॅलियम हा धातू असलेले झिओलाइट वापरून त्यांनी मिथेनला दुसऱ्या हायड्रोकार्बनच्या सोबतीने अधिक कार्बन असलेल्या पदार्थांत बदलून दाखवले होते. आणि तेही अशा तापमानाला, की जेथे मिथेन एरवी दाद देत नाही. एकटा मिथेन हटून बसतो, पण सोबती मिळाला की कामाला लागतो, असे त्याचे सोपे वर्णन करता येईल.

हा प्रश्न अजून पूर्ण सुटला आहे असे समजू नका. मिथेनचे रूपांतर होते, पण एक तर थोडे होते, किंवा त्याला फार उष्णता लागते, किंवा उत्प्रेरकावर काजळी साचून तो मंद पडतो. सध्याच्या कारखान्यांत बहुधा दूरचा मार्ग घ्यावा लागतो. निकेलच्या साहाय्याने मिथेन आणि वाफ यांपासून प्रथम दुसरे वायू करतात आणि मग त्यांपासून हवी ती वस्तू घडवतात. तुमच्या शेतात पडणाऱ्या युरियाचा हायड्रोजन अनेक कारखान्यांत याच मार्गाने येतो. सरळ मार्ग सापडला, तर तेलविहिरींवर जो वायू नाइलाजाने जाळून टाकावा लागतो, तो वाया जाणार नाही. शिवाय मिथेन हवेत सुटला, तर तो कार्बन डाय-ऑक्साइडपेक्षा कितीतरी पट अधिक उष्णता धरून ठेवतो. आधीच उन्हाने होरपळणाऱ्या आपल्या जिल्ह्याला याचा अर्थ समजावून सांगायला नको.

मित्रांनो, हे अपुरे काम कोणीतरी पुरे करणार आहे. ते कोणी मोठ्या शहरातच जन्मले पाहिजे, असे नाही. ते अमुकच भाषेत शिकले पाहिजे, असेही नाही. भेऱ्यासारख्या गावात जन्मलेला, आठव्या महिन्यात पोरका झालेला, उर्दूत नाटके आणि कविता लिहिणारा एक मुलगा मळीकडे पाहून विचार करू लागला, आणि पुढे त्याने देशाला प्रयोगशाळा दिल्या. मळी तुमच्याजवळ आहे, डिंक आहे, कडुलिंब आहे, गोठ्यातला गॅसही आहे. पाहणारी नजर आणि मिळालेले वाटून देणारे मन या दोन गोष्टी मात्र आपणच कमवायच्या असतात. डॉ. भटनागर यांच्या जीवनातून एवढे जरी आपण घेतले, तरी हा पाठ वाचल्याचे सार्थक होईल.

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) डॉ. भटनागर यांचा जन्म कोठे व केव्हा झाला?
(आ) मिथेनच्या एका रेणूत कोणकोणते अणू असतात?
(इ) पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे उद्घाटन कोणी केले?

२. चार-पाच वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) तेलाच्या विहिरीतील चिखल घट्ट का होत असे? डॉ. भटनागर यांनी त्यावर कोणता उपाय केला?
(आ) डॉ. भटनागर यांनी दीड लाख रुपयांचे काय केले? तुम्हांला त्याविषयी काय वाटते?

३. कारणे द्या.
(अ) डॉ. भटनागर अमेरिकेला जाऊ शकले नाहीत.
(आ) मिथेनचे दुसऱ्या पदार्थांत रूपांतर करणे अवघड असते.

४. पुढील शब्दांना उर्दूत कोणते शब्द आहेत ते सांगा व त्यांचा मराठी वाक्यांत उपयोग करा.
शिष्यवृत्ती, त्याग, प्रयोगशाळा, पोरका, गौरव.

५. तुमच्या गावात टाकाऊ समजल्या जाणाऱ्या एखाद्या वस्तूचा काय उपयोग करता येईल, यावर मराठीत दहा ओळी लिहा.